चौथा सड

लालबागेतल्या माझ्या मामीच्या गोठ्यात दोन भाषा चालतात. गिऱ्हाइकाशी हिंदी आणि म्हशीशी मराठी. पहाटे साडेचारला पलीकडच्या रुळांवर एखादी मालगाडी सिग्नलसाठी खोळंबलेली असते, गोठ्यात एकच पिवळा दिवा असतो आणि मामी म्हशीच्या पुठ्ठ्यावर थाप मारत म्हणत असते, "सरक वं माय, सरक थोडी." तेवढ्यात दारात चहाच्या गाडीवरचा पोऱ्या कॅन वाजवतो. मान न वळवता मामी त्याला सांगते, "रुक ना रे, अभी पान्हा नहीं छोडा उसने." पोऱ्या निमाडी बोलणारा. पान्ह्याला तुमच्यात काय म्हणतात, असं मी त्याला एकदा विचारलं. डोकं खाजवून तो म्हणाला, "इधर तो सब पान्हाच बोलते."

मराठी वाचकाला लालबाग म्हटलं की गिरणगाव आणि गणपती आठवतो. हे लालबाग मध्य प्रदेशातलं आहे. बऱ्हाणपूरचं रेल्वे स्टेशन ज्या वस्तीत आहे ती ही वस्ती, मूळ शहरापासून जरा बाहेर. गंमत म्हणजे गिरणी इथेही आहे. ताप्ती मिल. आजोबांच्या वेळी गोठ्यातली वेळ मिलच्या भोंग्यावर चालायची, पहिल्या भोंग्याला धारा काढून झाल्याच पाहिजेत असा दंडक होता. वस्तीला नाव पडलं ते जुन्या मोगली बागेवरून. बागेचं आता नावच उरलंय, पण इथून जवळच कुंडी भंडारा आहे. खानखाना अब्दुर्रहीम यांच्या काळात, १६१५च्या सुमारास, सातपुड्याच्या पोटातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहराकडे नेणारी ही योजना. ना रहाट, ना मोट. नुसत्या उतारावर पाणी आपल्या गतीनं येतं. पर्यटकांना आता लिफ्टनं खाली सोडतात. तिथल्या ओल्या भिंतींना बोट लावलं तेव्हा मला उगीचच म्हशीची कास आठवली होती. पाणी वरून ओढलं जात नाही, खालून सुटतं.

१७६० साली उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आलं, पुढे शिंद्यांकडे गेलं. पण इथली मराठी केवळ राज्यकर्त्यांबरोबर आलेली नाही. रावेर हा जळगाव जिल्ह्यातला तालुका हाकेच्या अंतरावर, सोयरिकी दोन्हीकडे, केळीच्या बागा दोन्हीकडे, म्हशींचे व्यवहारही दोन्हीकडे. २००३ साली पूर्व निमाडमधून फुटून बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला, त्याचा गोठ्याला काही फरक पडला नाही.

मी अकरा वर्षांची असताना दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदा म्हशीखाली बसले. हौस माझी, परवानगी मामाची, काळजी मामीची. मी सड धरला, दाबला, ओढला, दोन्ही हातांनी ओढला. काही नाही. कास टम्म, आणि बादलीत एक थेंब नाही. म्हैस रवंथ करत मागे वळून माझ्याकडे बघत होती. मग मामी बसली. बसल्याबसल्या तिनं सडांना हातही लावला नाही. पारडू सोडलं. त्यानं येऊन कासेला ढुशी दिली, या सडावरून त्या सडावर तोंड फिरवलं. मामी म्हशीशी काहीतरी पुटपुटत होती. मिनिटा-दोन मिनिटांत सड फुगले, त्यांच्यावर लकाकी आली. तिनं पारडाला ओढून म्हशीच्या तोंडाशी बांधलं, आणि मग धार अशी सुरू झाली की बादलीचा तळ वाजला.

मला त्या दिवशी राग आला होता. म्हशीनं मला ओळखलं नाही, असं वाटलं होतं. खरं तर तिनं मला बरोबर ओळखलं होतं. परका हात.

यामागची शरीराची गोष्ट पुढे वाचली तेव्हा मामीचा शब्दन् शब्द जुळला. सडाला स्पर्श झाला, वासराचा वास आला, ओळखीचा आवाज किंवा आंबोणाच्या घमेल्याचा खडखडाट कानावर पडला, की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं. ते कासेतल्या दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळतं आणि दूध खाली उतरतं. हाच पान्हा. त्याचा जोर पाच-सात मिनिटं टिकतो. तेवढ्यात धार उरकायची. आणि जनावर बिचकलं, कुणी ओरडलं, कुत्रं अंगावर आलं, तर दुसरं संप्रेरक उसळतं आणि सगळा कारभार बंद. यालाच आपल्याकडे पान्हा चोरणं म्हणतात. चोरी म्हणायला जीभ धजत नाही खरं तर. माल तिचाच आहे.

गाय आणि म्हैस यांच्यात इथे मोठा फरक आहे, आणि तो ठाऊक नसल्यानं शहरातून येऊन गोठा घालणारी पुष्कळ माणसं फसतात. गाईच्या कासेत, सडाच्या वर, एक टाकी असते. साधारण पाचवा हिस्सा दूध तिथे आधीच उतरलेलं असतं, त्यामुळे पान्हा सुटायच्या आतही चार धारा मिळतात आणि काढणाऱ्याला धीर येतो. म्हशीची ही टाकी नावापुरतीच. जवळजवळ सगळं दूध वर, पिशव्यांत. तिनं सोडलं तर सगळं, नाही तर शून्य. त्यातून तिच्या सडाच्या टोकाचा स्नायू गाईपेक्षा घट्ट. म्हणून गाईवर हात बसलेला माणूस म्हशीखाली घामाघूम होतो. मामी म्हणते, "गाय हाताचं ऐकते, म्हैस मनाचं." कासेतल्या टाकीबद्दल तिनं कधी ऐकलेलं नाही.

धार काढायच्या पद्धती तीन. मूठ, अंगठा आणि चिमटी. मुठीत पूर्ण सड धरायचा. अंगठा आणि पहिलं बोट यांनी वरचं तोंड आधी बंद करायचं, म्हणजे दूध परत वर चढत नाही. मग मधलं बोट, अनामिका, करंगळी, अशी एकामागून एक मिटत न्यायची. ओढायचं नाही, पिळायचंही नाही. बोटांनी दूध खाली उतरवायचं. लांब सडाच्या म्हशीला ही सर्वांत चांगली. अंगठा म्हणजे अंगठा आत मुडपून त्याच्या पेरावर सड दाबायचा. यात जोर भरपूर येतो, धार लांब जाते आणि बघणाऱ्याला मोठी मर्दुमकी वाटते. आपल्याकडच्या बहुसंख्य पुरुषांची हीच सवय. पण त्या पेराखाली सडाच्या आतलं अस्तर रोज रगडलं जातं, सड सुजतात, निबर होतात आणि दगडी व्हायचा धोका वाढतो. दगडी म्हणजे कासेचा दाह. कास दगडासारखी कडक होते, दुधात गुठळ्या येतात, कधी रक्त, आणि एखादा सड कायमचा मरतो. पशुवैद्यक शिकवणारे कंठशोष करून सांगतात की अंगठा सोडा. अंगठा सुटत नाही. तिसरी चिमटी, आखूड सडांसाठी आणि शेवटचं निपटून घेण्यासाठी.

त्या शेवटच्या निपटण्यात सगळा पैसा आहे. एकाच धारेत सुरुवातीचं दूध पातळ असतं, त्यात एक-दोन टक्के स्निग्धांश. शेवटी येतं ते सायीसारखं, आठ-दहा टक्क्यांपर्यंत जाणारं. म्हणजे पहिल्या चार धारा जमिनीवर सोडल्या तर नुकसान काही नाही, उलट सडाच्या तोंडाशी बसलेले जंतू निघून जातात. शेवटच्या चार सोडल्या तर मलई गेली. फॅटवर भाव मिळणाऱ्या डेअरीत हा हिशेब फार जपावा लागतो. पहिली धार जमिनीवर सोडून मामी म्हणते, "ही धरतीची." तिच्या लेखी तो नैवेद्य. जंतूही आपोआप जातात.

हातांचं मात्र बोललंच पाहिजे. धार काढण्याविषयी लिहिताना लोकांना फेस आठवतो, धारोष्ण दुधाचा वास आठवतो, लिहिणारा हमखास हळवा होतो. मामीचे हात बघा. दोन्ही अंगठ्यांच्या बुडाशी गाठी आल्यात. उजव्या मनगटातून रात्री कळा निघतात. थंडीत बोटांच्या पेरांवर चिरा पडतात, त्यात मीठ गेलं की जेवण हातात घेववत नाही. चार म्हशी, दोन वेळा, चाळीस वर्षं. तिनं कधी सुट्टी घेतली असेल तर बाळंतपणाची, आणि त्यातही तिसऱ्याच आठवड्यात ती गोठ्यात होती, कारण म्हैस मामाला पान्हावेना. दूध घालायच्या वहीवर नाव आहे मामाचं. महिन्याचं बिल त्यांच्याच हातात येतं. यात मामा वाईट माणूस आहेत असं नाही, ते शेण काढतात, कुट्टी करतात, सरकीची ढेप आणतात. पण म्हैस विकायची की ठेवायची हे ठरताना मामीला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. आणि म्हैस विकली गेली की दोन दिवस मामी जेवत नाही, हे मात्र आठवतं.

यास्कांच्या निरुक्तात 'दुहिता' या शब्दाच्या व्युत्पत्ती दिल्या आहेत. दूर दिलेली ती दुहिता, अशीही एक आहे. आणि शेवटची, दोहणारी ती दुहिता. शाळेत संस्कृतच्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा वर्गातल्या मुली हसल्या होत्या. मला मामी दिसली. तिच्या बाबतीत दोन्ही व्युत्पत्ती खऱ्या. पाचोऱ्याकडची मुलगी इतक्या लांब दिली, आणि दिली ती म्हशीखाली बसायला.

धार काढणाऱ्या हातांनी जगाचं एक मोठं काम केलेलं आहे, ते मात्र फारसं कुणी त्यांच्या खात्यावर मांडत नाही. गाईच्या सडांवर उठणाऱ्या देवी गवळणींच्या हातांवर उठत, आणि अशा बायकांना मोठ्या देवी येत नाहीत, हे इंग्लंडच्या खेड्यांत लोकांना ठाऊक होतं. १४ मे १७९६ रोजी एडवर्ड जेन्नर यांनी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचला. तिथून लस आली. ती आपल्याकडे पोचली १८०२ साली. त्या जूनमध्ये मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली आणि तिथून हिंदुस्थानभर पसरली. मोठ्या देवी गेल्या, म्हशीच्या देवी राहिल्या. महाराष्ट्रात त्यांच्या साथी येऊन गेल्यात, आणि आजही पहिला फोड उठतो तो धार काढणाऱ्याच्या बोटावर.

आता पारडाकडे वळू. गोठ्यातलं सर्वांत अवघड प्रकरण तेच आहे.

पान्हा पारडासाठी असतो. आपण मधे हात घालतो. घरच्या गोठ्यात याची एक जुनी वाटणी आहे. पारडानं आधी चोखायचं, पान्हा आणायचा, मग बाजूला व्हायचं. आपण तीन सड काढायचे, चौथा त्याच्यासाठी ठेवायचा. मामीकडे हा नियम आजही आहे, पण त्यात मेख आहे. कासेचे मागचे दोन सड पुढच्यांपेक्षा जास्त दूध देतात, साधारण साठ टक्के. मामी पारडाला ठेवते तो पुढचा. मी एकदा हे बोलून दाखवलं तर म्हणाली, "मग काय मागचा देऊ? तुझ्या मामाचा चहा कुठून होईल?" वगार असेल तर दुसऱ्या सडातलंही थोडं मागे ठेवते. रेडकू असेल तर हात जरा जास्तच कोरडा फिरतो. रेड्याचं करायचं काय, हा प्रश्न ट्रॅक्टर आल्यापासून कोणत्याच गोठ्याला सुटलेला नाही. अनेक ठिकाणी रेडकू महिन्या-दोन महिन्यांत मरतं. मरतं म्हणजे काय, ते सांगायला नको.

पारडू मेलं की म्हैस आटते. मग सुरू होतात युक्त्या. जुन्या काळी मेलेल्या पारडाचं कातडं सोलून त्यात भुसा भरत आणि ते म्हशीपुढे उभं करत. ती ते चाटायची आणि पान्हा सोडायची. लहानपणी एका तबेल्यात मी असं एक पाहिलंय. डोळ्यांच्या जागी टाके होते. म्हशीला ते कळत नसेल असं मला आजही वाटत नाही. पण जीभ चाटत होती आणि दूध येत होतं.

त्याहून वाईट होता फुका. जनावराच्या योनीत नळीनं हवा फुंकायची, म्हणजे नाइलाजानं पान्हा सुटतो. कलकत्त्याच्या तबेल्यांतल्या या प्रकाराबद्दल गांधीजींनी वाचलं. १९१२ साली टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडलं. १९१८च्या मोठ्या दुखण्यानंतर शरीर उभंच राहीना, डॉक्टर दुधाचा आग्रह धरून बसले, तेव्हा त्यांनी याच फुक्याचं कारण पुढे केलं. कस्तुरबा शेजारीच उभ्या होत्या. मग शेळीचं घ्यायला काय हरकत आहे, असं त्यांनी विचारलं. शेळीच्या दुधाची पुढे एवढी ख्याती झाली, तिचं मूळ गोठ्यातल्या या अत्याचारात आहे, हे आपण विसरलोय. त्या शेळीच्या दुधानं आपल्या व्रताचा शब्द राहिला पण आत्मा गेला, ही टोचणी गांधीजींनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

१९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याचं बारावं कलम फुक्यावर आहे. या एका कृत्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद. दुरुस्तीनंतर जनावराच्या प्रकृतीला अपाय करणारं इंजेक्शनही त्याच कलमात आलं, कारण तोवर नळी जाऊन सुई आली होती. ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनवलं ते अमेरिकेत व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी, १९५३ साली. १९५५चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवणारं हे औषध, लाखो बायका त्यामुळे वाचल्या असतील. आपल्या तबेल्यांत ते बिनलेबलाच्या बाटल्यांतून पोचलं. सुई टोचली की पारडू नको, ढेप नको, ओळखीचा हात नको. रोज टोचलं की जनावराला सवय लागते, मग सुईशिवाय पान्हाच येत नाही. एप्रिल २०१८मध्ये केंद्र सरकारनं खासगी कंपन्यांना देशात विकण्यासाठी हे औषध बनवायला मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती मनाई रद्द केली, कारण म्हशी वाचवताना बाळंतिणींचं औषध तुटलं असतं. एकाच बाटलीत दोन आया अडकल्या होत्या.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक गोठा होता, तिथे सकाळी सुई चालायची हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचं दूध मामीपेक्षा स्वस्त. मामीची चार गिऱ्हाइकं तिकडे गेली, त्यातली दोन परत आली. उरलेली दोन मजेत आहेत. असं लिहिताना वाईट वाटतं, पण खोटं कशाला लिहू.

हातानं धार काढण्याची सर्वांत दिमाखदार जागा पाहायची असेल तर कोल्हापूर. गंगावेशीचा दूध कट्टा. संध्याकाळी मी तिथे पोचले तेव्हा रस्त्याच्या कडेला म्हशी ओळीनं उभ्या, खांद्यांपर्यंत मागे गेलेली तलवारीसारखी शिंगं, काळ्या अंगावर तेलाचा हात. ही पंढरपुरी म्हैस. गिऱ्हाईक येतं, ग्लास पुढे करतं, गवळी बसतो आणि थेट ग्लासात धार मारतो. फेस ओठाला लागतो तेव्हा दूध म्हशीच्या अंगाइतकं गरम असतं. धारोष्ण म्हणजे काय हे तिथे सांगावं लागत नाही. पंढरपुरी म्हशीची खासियत अशी की थोडं थोडं करून ती दिवसातून अनेकदा धार देते, म्हणून दारोदार नेऊन गिऱ्हाइकासमोर काढून द्यायची रीत तिच्यावर चालली. पाणी घालायला जागाच नाही. शाहू महाराजांच्या राज्यात तालमी वाढल्या, १९१२ साली खासबागेचं मैदान झालं, पैलवानांना दूध हवं होतं आणि शहरात म्हशी हव्या होत्या. ती नाळ अजून तुटलेली नाही. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजतात, शिंगं रंगतात, गळ्यात कवड्या येतात, आणि मोटारसायकलवरच्या मालकाच्या हाकेमागे म्हैस भर रस्त्यात धावत सुटते. हजार माणसांच्या गर्दीत तिला एकच आवाज ऐकू येतो.

डॉक्टर मैत्रिणीनं मात्र मला दम दिला. कच्च्या दुधातून क्षयाचे जंतू येतात, ब्रुसेलाचा ताप येतो, धार काढणाऱ्याला तर तो जास्तच. तिचं खरं आहे. मी दुसरा ग्लास घेतला, हेही खरं आहे.

मुंबईनं म्हशींना वेगळंच वागवलं. शहरातले तबेले हलवण्यासाठी १९४९मध्ये आरे वसाहत उभी राहिली. तिथे हजारो म्हशींखाली बसणारे हात बहुतेक उत्तर प्रदेशातले. पहाटे दोनला उठायचं, एकामागून एक म्हशी. मामीला मी आरेबद्दल सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न होता, "इतक्या म्हशींची नावं कशी लक्षात राहतात त्यांच्या?"

यंत्र आलं नाही असं नाही. १८८९ साली स्कॉटलंडमध्ये विल्यम मर्चलंड यांनी सतत ओढून घेणारं यंत्र बनवलं. त्या ओढीनं सड सुजायचे. पुढे ओढ आणि विसावा आलटून पालटून देणारं यंत्र निघालं तेव्हा कुठे जनावर उभं राहू लागलं. चोखायचं, थांबायचं, पुन्हा चोखायचं. म्हणजे लोखंडालाही अखेर पारडाचीच नक्कल करावी लागली. लालबागेजवळच्या एका मळ्यात मी ते चालताना पाहिलं. मिनिटाला साठेक ठोके, नळीतून पांढरी ओळ सरकत जाते. गाई निवांत होत्या. म्हशीला ते लावलं तेव्हा तिनं पाच मिनिटं काहीच दिलं नाही. मग मालकाच्या बायकोनं येऊन तिच्या मानेवरून हात फिरवला. भारत आज जगात सर्वाधिक दूध काढतो, २०२३-२४मध्ये तेवीस कोटी त्र्याण्णव लाख टन. यातलं बहुतेक दूध दोन-चार जनावरांच्या गोठ्यांतून येतं, आणि तिथे यंत्र परवडत नाही. मामीचा हात फुकट पडतो, म्हणून यंत्र महाग ठरतं. तिच्या मनगटाचा हिशेब कुणी मांडला तर आकडे उलटतील.

बऱ्हाणपूरचं दूध जातं कुठे? बरंचसं कढईत. इथली मावा जिलेबी काळपट तपकिरी, बोटाएवढी जाड, खव्याची. मुंबईत रमजानच्या रात्री मोहम्मद अली रोडवर बऱ्हाणपूरच्या नावानं ती विकतात, इकडचे लोक ते ऐकून खूश होतात. किलोभर खव्याला म्हशीचं साडेचार-पाच लिटर दूध आटवावं लागतं. गाईचं त्याहून जास्त. म्हणून हलवायाला म्हशीचंच दूध लागतं, आणि शेवटच्या मलईदार धारांसकट लागतं. मामीकडून कॅन भरून नेणारे चाचा गेली वीस वर्षं पहाटे सहाला येतात. बोट बुडवून नखावर थेंब घेतात, थेंब घसरतो का बघतात. लॅक्टोमीटर त्यांच्या खिशात असतो, तो ते काढत नाहीत.

पण गोठे कमी होतायत. केळीनं ज्वारी हटवली तसा कडबा महागला. केळीच्या बागेतून हिरवं खूप निघतं, पण त्यावर म्हैस पोसली जात नाही. मग २०२२ साली लम्पी आला. त्या साथीतला महाराष्ट्रातला पहिला रुग्ण सापडला तो इथून जवळच, रावेर तालुक्यातल्या चिनावलमध्ये, ४ ऑगस्टला. गाईंच्या अंगावर गाठी, कासेवर गाठी, सडांवर गाठी. धार काढायला हात लावला की गाय थरथरायची. जनावरांचे बाजार बंद झाले. म्हशींना हा आजार कमीच लागतो, त्यामुळे मामीच्या म्हशी वाचल्या. शेजारच्या घरातली गाय गेली. त्या घरची सून अजूनही पहाटे साडेचारला उठते. काम नसतं, उठते.

गेल्या दिवाळीत मी मुद्दाम वसुबारसेला गेले. त्या दिवशी मामी दूध, दही, तूप काही खात नाही. गहूही नाही. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. मला कोरा चहा मिळाला. गाय-वासराची पूजा करायला ती शेजारपाजारच्या बायकांबरोबर एका ओळखीच्या घरी जाते, कारण तिच्याकडे गाय नाही. पण पहाटे आधी तिनं स्वतःच्या म्हशीच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. म्हशीला वसुबारस कुठे असते, असं मामांनी विचारलं. "तिला काय लेकरू नाही?" मामी म्हणाली आणि बसली.

त्या वर्षी पारडू रेडकू होतं. तरीही तिनं त्याला सोडलं, पुरेसं चोखू दिलं, मग बांधलं. मला म्हणाली, "ये, हात लाव." मी बसले. पहिली धार जमिनीवर. मुठीचा ताल यायला वेळ लागला, मग आला. दिवा पिवळा होता, पलीकडे मालगाडी सुटली, म्हैस हलली नाही. दोन सड मी काढले, तिसरा मामीनं. तिनं माझ्या हातावर हात ठेवून मला थांबवलं. राहिलेला सड मागचा होता.

सहाला चाचा आले. कॅनमध्ये डोकावले. दिवाळीचा आठवडा, जिलेबीची मागणी ऐन भरात.

"आज कम लग रहा है, बाई."

"आज वसुबारस है, चाचा."

त्यांनी थेंब नखावर घेतला, पाहिला, कॅन सायकलला अडकवला.

"और कल?"

"कल पूरा," मामी म्हणाली, आणि रेडकाचं दावं सोडलं.